घरातल्या स्टुडिओ मॉनिटरची घूं: जाते आणि परत येते

माझ्या स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरची, घूं शनिवारी जायची आणि रविवारी रात्री परत यायची. तीनेक महिने हा खेळ चालला. शनिवारी दुपारी टेबल भिंतीपासून ओढून घ्यायचो, मागे वाकून केबल बदलायचो, मॉनिटर चालू करायचो आणि एकदम शांत. स्वयंपाकघरात जाऊन जाहीर करायचो, "सापडलं, केबलच खराब होती." रविवारी जेवणं उरकून ऐकायला बसलो की गाणं सुरू व्हायच्या आधीच ती हजर. घूंऽऽ. एवढ्या काळात केबलच्या तीन जोड्या घेऊन झाल्या. तिसरी जोडी आणली तेव्हा बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "फ्रीजमुळे असेल रे." फ्रीजही बंद करून पाहिला. फ्रीज निर्दोष होता.

गेल्या वर्षभरात निदान सहा-सात जणांनी मला हेच विचारलंय: हौसेनं स्टुडिओ मॉनिटर घेतले, आता घूं येते, विकून टाकू का? विकू नका. आधी खालचं सगळं करून बघा. क्रम मात्र मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. माझे तीन महिने वाया गेले ते दोन गोष्टी एकदम बदलत होतो म्हणून, आणि त्यातली दुसरी माझ्या लक्षातच येत नव्हती.

पहिल्यांदा हे समजून घेऊ की हा त्रास घरातच का होतो. स्टुडिओतला मॉनिटर 'बॅलन्स्ड' लाइनवर चालतो. कॅनन (एक्सएलआर) किंवा टीआरएस (टोक, रिंग, बूड असे तीन भाग असलेल्या) जॅकच्या केबलमध्ये दोन तारा आणि वर जाळी असते. एका तारेतून सिग्नल सुलटा येतो, दुसरीतून उलटा. मॉनिटर या दोन्हींतला फरक तेवढा घेतो. वाटेत केबलवर जी काही घाण चढते ती दोन्ही तारांवर सारखीच चढते, म्हणून वजाबाकीत उडून जाते. आपल्या घरातला लॅपटॉप, टीव्ही, फोन यांना ही सोय नसते. त्यांच्या आरसीए (टीव्हीमागच्या लाल-पांढऱ्या) किंवा ईपी (इयरफोनच्या) जॅकच्या केबलमध्ये प्रत्येक चॅनलला एक तार आणि एक जाळी. जाळी हीच सिग्नलची परतीची वाट. त्या जाळीतून दुसरा कुठलाही करंट वाहिला की मॉनिटरला तो गाण्याचाच भाग वाटतो.

त्यात भर म्हणजे पातळी. स्टुडिओची लाइन +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३२ व्होल्टच्या आसपास. सिग्नल कमी येतो म्हणून आपण मॉनिटरच्या मागचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवतो, आणि गाण्याबरोबर घूंही तितकीच मोठी होते.

आता तपासणी. कान जवळ नेऊन आधी आवाज ओळखा, अर्धं निदान तिथेच होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० आणि त्याच्या पटीत येते: १००, १५०, २००. पाच इंची वूफरवर (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या कोनवर) ५० जेमतेमच ऐकू येतो, आपल्याला त्रास देतो तो वरचा परिवार. घरात हार्मोनियम असेल तर एक गंमत करा. पांढरी पाच धरा. घूं तिच्याशी जवळजवळ जुळते, फक्त किंचित चढी लागते, कारण पांढरी पाचचा खर्जातला सूर ९८ हर्ट्झ आणि घूं बरोबर १००. पेटीशी न जुळणारी घूं येत असेल तर ती कुठल्यातरी पंख्याची किंवा हार्ड डिस्कचीही असू शकते.

गोल, मऊ घूं असेल तर ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल किंवा अर्थचा घोळ. खरखरीत "झंऽऽ" असेल तर बहुधा अर्थचं वर्तुळ (उपकरणं वायरींमधून जमिनीला दोन ठिकाणी टेकली की बनतं ते), नाहीतर जुना डिमर, स्वस्तातला एलईडी दिवा किंवा चौकोनी लहर देणारा इन्व्हर्टर. माउस हलवला की, पान वर-खाली केलं की "चिर्रर्र" होत असेल तर तो कॉम्प्युटरच्या यूएसबीतून येतोय. नुसती "सूऽऽ" ऐकू येत असेल तर ती घूंच नाही, तिच्याकडे नंतर येऊ.

मग असं करा. मॉनिटरच्या सगळ्या सिग्नल केबल काढा, फक्त वीज ठेवा. घूं तशीच असेल तर कान पुढे वूफरपाशी न्या, मग मागे पत्र्यापाशी न्या. मागून जास्त येत असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय, स्पीकरमधून ती येत नाहीये. केबल नसतानाही वूफरमधून ठळक घूं येत असेल तरच मॉनिटर दुरुस्तीला न्या. दहातल्या नऊ वेळा इथे शांतता असते, आणि ती असली की मॉनिटरला दोष देणं थांबवा.

दुसरी पायरी: केबल मॉनिटरला लावा, दुसरं टोक फोनला. फोन बॅटरीवर, चार्जर काढलेला. इथे एक सापळा आहे. केबलचं दुसरं टोक मोकळं सोडून चाचणी घेऊ नका. मोकळ्या टोकाची केबल अँटेनासारखी वागते, घूं करणारच. मी पहिल्या महिन्यात तेवढ्यावरून दोन चांगल्या केबल बाद ठरवल्या होत्या. फोन लावल्यावर शांतता असेल तर केबल ठीक आहे.

तिसरी: फोनऐवजी लॅपटॉप, तोही बॅटरीवर आणि पूर्ण एकटा. एचडीएमआय नाही, बाहेरची डिस्क नाही, लॅनची तार नाही, प्रिंटर नाही. शांत? मग एकेक करून जोडत जा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद ऐका. चार्जर लावला आणि घूं आली तर गुन्हेगार तिथेच उभा आहे. एचडीएमआय लावल्यावर आली तर माझ्यासारखंच तुमच्याकडेही आहे.

माझ्याकडे वर्तुळ असं फिरत होतं. मॉनिटर तीन पिनचे, म्हणजे त्यांचा पत्रा भिंतीतल्या अर्थला जोडलेला. मॉनिटरमधून ईपी केबलची जाळी लॅपटॉपला. लॅपटॉपमधून एचडीएमआयची जाळी टीव्हीला. टीव्हीला दुसऱ्या एचडीएमआयनं सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्सला केबलवाल्याची जाडी काळी वायर, जी गच्चीवरून दोन इमारती ओलांडून त्याच्या कुठल्यातरी पेटीत जाते आणि तिथे जमिनीला भिडते. म्हणजे माझा लॅपटॉप जमिनीला दोन ठिकाणी टेकलेला: एकदा आमच्या मीटर रूममधून, एकदा केबलवाल्याच्या पेटीतून. या दोन जमिनींत व्होल्टेजचा थोडा फरक असतोच. त्या फरकानं जाळीतून करंट वाहायचा आणि मॉनिटर इमानेइतबारे तो वाजवून दाखवायचा. टीव्ही बंद असला तरी वायरी जोडलेल्याच, त्यामुळे टीव्हीवर कुणाचा संशय जात नव्हता.

आणि शनिवार-रविवारचं कोडं? एचडीएमआयची केबल आखूड होती. टेबल ओढलं की ती लॅपटॉपमधून निसटून खाली पडायची. मला वाटायचं, नव्या केबलनं काम केलं. रविवारी संध्याकाळी घरचे लॅपटॉपवरून टीव्हीवर काहीतरी बघायचे, एचडीएमआय परत खोचायचे आणि तशीच ठेवून उठायचे. हे कळलं तेव्हा मी हातात केबल धरून बराच वेळ जमिनीवर बसून होतो. तीन जोड्या केबलचे पैसे आठवत होते.

पुढचा परिच्छेद नीट वाचा, तो जिवाशी संबंधित आहे. नेटवर आणि दुकानात तुम्हाला हमखास सांगतील की मॉनिटरच्या प्लगची अर्थ पिन काढा, किंवा तीन पिनचं दोन पिन करणारा अडॅप्टर लावा, घूं जाते. हो, जाते, कारण वर्तुळ तुटतं. पण आतली फेज कधी सुटून पत्र्याला लागली तर अर्थच्या वाटेनं एमसीबी पडायला हवा, ती वाटच तुम्ही कापलेली असते. मग २३० व्होल्ट मॉनिटरच्या पत्र्यावर, केबलच्या जाळीवर आणि तिथून लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर, जिथे तुमचा हात असतो. अर्थ पिन लांब केलेली असते ती सॉकेटात सगळ्यात आधी टेकावी म्हणून. ती कापू नका. वर्तुळ तोडायचं ते सिग्नलच्या बाजूनं, विजेच्या बाजूनं नाही.

आणि उलटही बघा: सॉकेटात अर्थ आहे तरी का? जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा असते पण स्क्रू गंजून ढिला झालेला असतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण सारखंच व्होल्टेज दिसायला हवं, न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडं. तिथे दहा-वीस किंवा जास्त दिसलं तर मॉनिटर राहू द्या, आधी घराचं अर्थिंग करून घ्या. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवताना झिणझिण्या येतात ना, त्या बहुतेक वेळा दोन पिनच्या चार्जरमधून गळणाऱ्या किरकोळ करंटच्या असतात. तोच करंट केबलच्या जाळीतून मॉनिटरकडे गेला की "झंऽऽ" होतो.

इलाज स्वस्ताकडून महागाकडे सांगतो. फुकटचा इलाज म्हणजे लॅपटॉप आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेणं, म्हणजे सगळे एकाच ठिकाणी अर्थला टेकतील. दोन मॉनिटर खोलीच्या दोन भिंतींतल्या दोन सॉकेटांत लावणाऱ्यांची घूं एवढ्यानेच जाते. सिग्नलची केबल आणि विजेची केबल मोळी बांधल्यासारखी एकत्र टाय करू नका. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडू द्या.

नंतर केबल. घरात आरसीए आणि मॉनिटरला टीआरएस असेल तर आपण काय करतो, दुकानातून साधी आरसीए ते पी-३८ (पाव इंची जाडा जॅक) घेतो, जिच्यात एक तार आणि जाळी. त्याऐवजी दोन तारांची जाळीवाली माइक केबल घ्या. आरसीएची मधली पिन टीआरएसच्या टोकाला, आरसीएची बाहेरची कडी स्वतंत्र दुसऱ्या तारेनं टीआरएसच्या मधल्या रिंगला आणि जाळी बुडाला. आरसीएकडे जाळी कडीलाच जोडायची. म्हणजे मॉनिटरच्या वजाबाकीला निदान थोडं काम मिळतं. कमी खर्चात बऱ्यापैकी फरक पडतो. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल मीटरवर मिळते, जॅक सुटे मिळतात. डाग मारता (सोल्डर करता) येत नसेल तर तिथेच कोपऱ्यात बसलेला कुणीतरी पाच मिनिटांत मारून देतो.

यानं भागलं नाही तर लाइनमध्ये घालायचा आयसोलेटर, म्हणजे छोट्या डबीत दोन ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकानं पलीकडे जातो, तार तुटलेली राहते. घूं एका क्षणात गप्प होते. पण स्वस्त डबीतले ट्रान्सफॉर्मर एवढेसे असतात की खर्जाचा भार त्यांना पेलत नाही. पखवाज ऐकताना धुम्याचं, म्हणजे डाव्या तोंडाचं, अंग गेलंसं वाटलं तर नवल नाही. टीव्हीवरून ऐकत असाल तर ऑप्टिकल केबल सगळ्यात सुटसुटीत: प्रकाशातून सिग्नल जातो, तारच नाही, वर्तुळ बनणार कुठून? टीव्हीतून ऑप्टिकल, एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी डबी), डॅकमधून मॉनिटर.

आणि कॉम्प्युटरवरूनच ऐकणाऱ्यांना माझा सल्ला एकच आहे: केबलवर पैसे घालवण्याऐवजी बॅलन्स्ड आउटपुटवाला साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीला लावायचं बाहेरचं साउंड कार्ड, घ्या. घूं बहुतेक वेळा जातेच, शिवाय पुढ्यात एक मोठं व्हॉल्यूमचं बटण मिळतं. मॉनिटर घरी आणल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांना धक्का बसतो तो याचाच. रिमोट नाही, ब्लूटूथ असेलच असं नाही, डाव्याचं बटण वेगळं, उजव्याचं वेगळं, तेही मागच्या बाजूला. मी स्वतः शेवटी हेच केलं. केबलवाल्याची काळी वायर काढली नाही, घरात मालिका बघणारे आहेत. इंटरफेस लावल्यापासून एचडीएमआय जोडलेली असतानाही घूं नाही.

एक भलतीच तक्रारही वरचेवर येते, ती घूंची नाही पण केबलचीच आहे. "मॉनिटरवर गायक गायब होतो. तबला, व्हायोलिन, सगळं येतं, आवाज तेवढा लांब कुठेतरी बोगद्यात." एकदा एकानं मला फोनवर ऐकवलं, आणि खरंच, कडव्याच्या जागी नुसती साथसंगत. त्यानं ईपी ते स्टिरिओ पी-३८ अशी केबल लॅपटॉपमधून थेट एका मॉनिटरला लावली होती. ईपी जॅकच्या टोकावर डावा चॅनल असतो, रिंगवर उजवा. मॉनिटरला वाटतं हे सुलटे-उलटे सिग्नल आहेत, तो दोन्हींची वजाबाकी करतो. स्टिरिओ गाण्यात गायक मधोमध असतो, म्हणजे दोन्ही चॅनलवर सारखाच, म्हणून वजाबाकीत तोच उडतो. खात्री करायची असेल तर जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा, आकाशवाणीच्या काळातलं एखादं भावगीत. दोन्ही चॅनल सारखेच, त्यामुळे जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. हवी ती केबल म्हणजे एका टोकाला ईपी, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८.

अजून एक ताकीद, कारण एकाचं खरंच जळालंय: मॉनिटरच्या आतच ॲम्प्लिफायर असतो. घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारा त्याला लावायच्या नाहीत. त्याला लाइन आउट किंवा प्री-आउट (ॲम्प्लिफाय होण्याआधीचा सिग्नल देणारं भोक) असेल तरच तिथून जोडा.

आता ती "सूऽऽ". ती मॉनिटरच्या आतल्या ॲम्प्लिफायरची असते, केबल काढली तरी येते. हे मॉनिटर हातभर किंवा मीटरभर अंतरावरून ऐकायला केलेले, आणि स्वस्त मॉडेलांत ट्वीटरची (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या कोनची) सू रात्रीच्या शांततेत दिसून येते. मॉनिटरचं बटण खाली करा, लॅपटॉप किंवा इंटरफेस वर. मागचं बटण मधोमध किंवा त्याच्याही डावीकडे ठेवून आवाज पुरत असेल तर तिथेच राहू द्या. त्यानंतरही उरली तर ती त्या मॉडेलची जात आहे, मीटरभर मागे सरका.

रात्री हळू आवाजात ऐकताना मॉनिटर मधूनच गप्प होतो आणि आवाज वाढवला की जागा होतो, हाही बिघाड नाही. युरोपातल्या वीजबचतीच्या नियमांमुळे बऱ्याच मॉडेलांत आपोआप झोपायची सोय घातलेली असते, आणि अलापीतला हळू षड्ज तिला शांतताच वाटतो. मागे एक छोटा स्विच असतो, तो बंद करा. स्विच नसेल तर मॉनिटरचं बटण कमी करून सिग्नल वाढवा. झोपायचं की नाही हे तो येणाऱ्या सिग्नलवरून ठरवतो.

घूं गेली की दुसऱ्या आठवड्यात लोकांना खोली ऐकू यायला लागते. "खर्ज फुगतो. एखादा सूर धाडकन मोठा होतो, शेजारचा गायब." मॉनिटर बदलून ते जाणार नाही. आमची खोली १० बाय १२ फुटांची, उंची साडेनऊ. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर त्याला खोलीच्या दुप्पट लांबीनं भागायचं: १२ फुटांवर ४७ हर्ट्झ, १० फुटांवर ५६, छतावर ५९. यांच्या दुपटी ९४, ११२, ११८. या सुरांना खोली स्वतः गाते. वन बीएचकेतल्या बेडरूम सगळ्या थोड्याफार याच मापाच्या असल्यामुळे तक्रारीही सारख्याच. त्यातून पाच इंची मॉनिटर ५०-५५ च्या खाली फारसा जात नाहीच. यामाहाच्या एचएस ५ चा छापील आकडा ५४ हर्ट्झपासूनचा आहे, आणि तोही १० डेसिबलनं उतरलेला धरून. म्हणजे फुगतंय ते ९० ते १२० च्या पट्ट्यात, जिथे डग्गा आणि बास गिटार एकत्र बसलेले असतात.

फोनवर टोन जनरेटरचं फुकटचं ॲप घ्या, मॉनिटरला लावा आणि ४० पासून १५० पर्यंत हळूहळू चढवत न्या. कुठे छाती दणाणते, कुठे आवाज बुडतो ते कागदावर लिहा. मग त्याच सुरांवर खोलीत चालत फिरा. भिंतीला पाठ टेकली की खर्ज दुप्पट, खोलीच्या मधोमध काही सूर पार नाहीसे. आपण पलंग भिंतीला लावतो आणि पलंगावर बसून ऐकतो, म्हणजे सगळ्यात वाईट जागा आपणच निवडलेली असते. १२ फुटांच्या खोलीत समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसून बघा. हा काही कायदा नाही, सुरुवात आहे. तिथून पुढे-मागे वीतभर सरकत राहायचं.

याच चाचणीत मला ११२ वर "किर्रर्र" ऐकू आलं आणि वूफर फाटला म्हणून पोटात गोळा आला. कपाट होतं. आईच्या लोखंडी कपाटाचं हँडल. हात ठेवला की गप्प, काढला की सुरू. त्याच्या आत पत्र्याचा डबा होता, तो वेगळाच १०४ ला बोलायचा. वूफर फाटल्याची शंका आली तर आधी खोलीतलं कपाट, फोटोच्या काचा, खिडकीची ग्रिल आणि मांडणीतली ताटं हातानं दाबून बघा.

मॉनिटर कोपऱ्यात ठेवू नका. भिंतीपासून दोन फुटांवर ठेवले तर मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज साधारण १४० हर्ट्झला समोरच्याला खोडतो आणि डग्गा पोकळ लागतो. आपल्या खोल्यांत तेवढी जागा नसतेच, त्यामुळे मी उलट सांगतो: भिंतीच्या जवळ न्या, पण चिकटवू नका, विशेषतः मागे पोर्टचं (हवा आत-बाहेर जाण्याचं) भोक असेल तर. वाढलेला खर्ज मागच्या रूम कंट्रोल स्विचनं उतरवा. एचएस ५ ला ५०० हर्ट्झखाली −२ आणि −४ डेसिबलची सोय आहे, इतर कंपन्यांतही असंच काहीतरी असतं. लोक या स्विचना हातच लावत नाहीत, 'फ्लॅट' (सगळे सूर सारख्याच जोराचे) बिघडेल म्हणून. तुमच्या खोलीनं फ्लॅट केव्हाच बिघडवलेलं आहे.

अंड्याचे ट्रे आणि इंचभर फोमच्या चौकटी भिंतीला लावून खर्ज कमी होत नाही. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब, तिला इंचभर फोम दिसतच नाही. फोम फक्त वरचा आवाज खातो, मग फरशी आणि पडदे यांच्यात आणखी बोदा आवाज येतो. कापसाच्या दोन जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या तर मात्र थोडा फायदा होतो, आणि पाहुणे आल्यावर त्या कामालाही येतात. त्यापुढे जायचं असेल तर मोजायचा माइक घ्या आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हा फुकटचा प्रोग्राम. फुगलेला सूर ईक्यूनं (वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करायच्या सोयीनं) उतरवता येतो. बुडालेला सूर चढवायचा प्रयत्न करू नका, जितकं ओताल तितकं खोली खोडून टाकते आणि वूफर उगाच ढोर मेहनत करतो.

उंचीकडे फार कमी लोक बघतात. ट्वीटर कानाच्या पातळीला हवा. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास, गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा अडीचच्या. मी बैठक मारून ऐकतो, म्हणून माझे मॉनिटर दोन जुन्या चौरंगांवर विटा ठेवून त्यांच्यावर आहेत. दिसायला वाईट आहे. दोघांमधलं अंतर आणि माझ्यापासूनचं अंतर सारखं, साधारण चार फूट, आणि तोंडं माझ्याकडे वळवलेली. सोफ्यावरून दहा फुटांवर बसून हॉल भरायचा असेल तर तुम्हाला मॉनिटर नकोच आहेत, साधे घरगुती स्पीकर जास्त सुख देतील. गंमत म्हणजे स्टुडिओचं प्रतीक झालेला पांढऱ्या कोनचा यामाहा एनएस १० हा १९७८ साली घरासाठी म्हणूनच निघाला होता. घरी त्याचं फारसं कौतुक झालं नाही, स्टुडिओवाल्यांनी उचलून धरला.

आमच्याकडे घूं आता वर्षातून एकदाच येते, गणपतीत. खाली मंडप पडतो, पळत्या दिव्यांच्या माळा आमच्याच मीटर रूममधून ओढतात, आणि मॉनिटर दहा दिवस "झं-झं-झं" असा माळेच्या तालावर वाजतो. लॅपटॉप बॅटरीवर घेतला तरी फारसा फरक नाही. मी बटणं बंद करून ठेवतो. तसंही त्या दहा दिवसांत खिडकीबाहेरून जे येत असतं त्याच्यापुढे माझे पाच इंच काय करणार?